मीटर आणि मिलिसेकंद : तेलविहिरीचा लॉग सिस्मिक चित्राशी कसा जुळवतात?

समुद्रात तेल सापडल्याची बातमी आली की तिच्यासोबत बहुधा लाल-निळ्या पट्ट्यांचे एक चित्र छापले जाते आणि त्याखाली 'भूगर्भातील तेलसाठा' अशी ओळ असते. ती वाचून जमिनीखाली तेलाचे तळे आहे आणि या चित्रात ते दिसते आहे, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः तेल खडकांच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते आणि या 'सिस्मिक' चित्रातले पट्टे म्हणजे दोन वेगवेगळ्या थरांच्या सीमेवरून परतलेल्या ध्वनीच्या खुणा असतात. शिवाय अशा चित्राच्या उभ्या अक्षावर बहुतेक वेळा मीटर नसतात, मिलिसेकंद असतात, आणि ही गोष्ट बातमीत सहसा येत नाही.

मुंबई हायचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली खडकांचा एक मोठा उंचवटा असल्याचे १९६०च्या दशकात सोव्हिएत सहकार्याने झालेल्या सर्वेक्षणात आढळले. पण फेब्रुवारी १९७४मध्ये 'सागर सम्राट' या रिगने (समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाने) खोदलेल्या विहिरीत तेल लागेपर्यंत सर्वेक्षणाच्या चित्रातला कोणता पट्टा कोणत्या खडकाचा आहे, हे छातीठोकपणे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. तेथील मुख्य तेलधारक थर मायोसीन या भूवैज्ञानिक काळातील चुनखडीचा असून त्याला 'एल-३' म्हणतात. तो १३०० मीटरहून अधिक खोलीवर आहे. ही खोली मीटरमध्ये सांगता येते ती विहिरीमुळे. सर्वेक्षणाने दिलेली होती ती फक्त वेळ.

सर्वेक्षणात जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या एअरगनमधून दाबलेली हवा पाण्यात सोडली जाते, तिच्या धक्क्याची लहर खाली जाते आणि थराथरांवरून परतून हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातील ध्वनिग्राहकावर, नोंदली जाते. विहिरीतील मोजणी निराळी असते. खोदकाम थांबवून केबलला बांधलेली उपकरणे तळापर्यंत सोडतात आणि वर ओढत आणताना दर १५ सेंटिमीटरला एक, अशा दाट नोंदी घेतात. या नोंदींचा आलेख म्हणजे लॉग. असा पहिला लॉग सप्टेंबर १९२७मध्ये फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जे बंधूंच्या पद्धतीने घेतला गेला. त्यात खडकांचा विद्युतरोध मोजला होता. आपल्या विषयाला लागतात ते मात्र दोन वेगळे लॉग. सॉनिक लॉग एक फूट खडक ओलांडायला ध्वनीला किती मायक्रोसेकंद लागतात ते सांगतो (छिद्रे नसलेल्या चुनखडीत सुमारे ४७.५), तर घनतेचा लॉग खडक किती जड आहे ते सांगतो.

पुण्याहून कोल्हापूरला गेलेला एक प्रवासी वाटेतली गावे किलोमीटरच्या दगडांवरून सांगत असेल आणि दुसरा घड्याळावरून, तर दोघांचे वर्णन जुळवण्यासाठी प्रत्येक टप्प्यात गाडीचा वेग किती होता हे कळावे लागते. सॉनिक लॉग नेमका हा वेग देतो. प्रत्येक १५ सेंटिमीटरला लागलेला वेळ मिळवत गेले की अमुक खोली म्हणजे अमुक मिलिसेकंद, असे कोष्टक तयार होते. ध्वनीला खाली जाऊन परत यायचे असल्याने ही वेळ दुप्पट धरतात. ज्या खडकात ध्वनी सेकंदाला २५०० मीटर धावतो, तेथे एक मिलिसेकंद म्हणजे सव्वा मीटर. दहा मिलिसेकंद चुकले तर साडेबारा मीटर चुकले, आणि तेलाचा थरच जर तेवढा जाड असेल तर पुढची विहीर थेट त्याखालच्या पाण्यात जाऊ शकते.

आता या विषयातला सर्वांत देखणा भाग. खडकाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला ध्वनिरोध म्हणू. लहर सरळ खाली जात असेल, तर दोन थरांच्या सीमेवरून तिचा किती भाग परतेल हे त्यांच्या ध्वनिरोधांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळते. उदाहरणादाखल वर शेल (चिकणमातीपासून बनलेला खडक) आहे, वेग २५०० आणि घनता २.३, म्हणजे ध्वनिरोध ५७५०. खाली चुनखडी आहे, वेग ४००० आणि घनता २.५, म्हणजे १०,०००. फरक ४२५०, बेरीज १५,७५०, भागाकार ०.२७. हे चांगले ठसठशीत परावर्तन झाले. त्याच चुनखडीची छिद्रे वाढली आणि त्यांत वायू भरला, वेग ३३०० आणि घनता २.२५ झाली, तर हा भागाकार ०.१३च्या आसपास उतरतो, म्हणजे पट्टा फिका पडतो. वालुकाश्मात वायूमुळे पट्टा अनेकदा उजळतो, म्हणून चकाकणारा पट्टा दिसला की साठा सापडला, अशी घाई काही जण करतात. चुनखडीत ही घाई नेमकी उलट्या दिशेने नेते.

हा भागाकार विहिरीच्या प्रत्येक नोंदीपाशी करत गेले की लहान-मोठ्या काट्यांची एक लांब रांग मिळते. एअरगनची लहर मात्र काट्यासारखी टोकदार नसते. ती काही डझन मिलिसेकंद वरखाली हेलकावते. म्हणून प्रत्येक काट्याच्या जागी त्याच्या उंचीच्या प्रमाणात ही हेलकावणारी तरंगिका बसवतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. त्यातून तयार होतो तो कृत्रिम सिस्मिक आलेख, म्हणजे या विहिरीपाशी सर्वेक्षण केले तर काय दिसले पाहिजे याचे गणिती भाकीत. ही कल्पना पीटरसन, फिलिपोन आणि कोकर यांनी १९५५मध्ये मांडली. हे भाकीत खऱ्या चित्राशेजारी ठेवले आणि चढउतार जुळले, की अमुक लाल पट्टा म्हणजे चुनखडीचा माथा, असे प्रथमच अधिकाराने म्हणता येते. लाल रंग ध्वनिरोध वाढल्याचा की घटल्याचा, हेही त्यातूनच ठरते, कारण याबाबतचे संकेत सर्वत्र सारखे नाहीत.

पहिल्याच प्रयत्नात हे आलेख क्वचित जुळतात आणि त्याची कारणे अगदी साधी असतात. विहिरीतील खोली रिगच्या रोटरी टेबलापासून (डेकवरील, खोदनळी फिरवणाऱ्या चकतीपासून) मोजलेली असते आणि सिस्मिकचे शून्य समुद्रसपाटीवर असते. मधली वीस-पंचवीस मीटर हवा वजा करायची राहिली की सगळेच सरकते. विहीर तिरकी असेल तर केबलची लांबी म्हणजे उभी खोली नव्हे. विहिरीची भिंत ढासळून पोकळी झाली असेल तर घनतेचे उपकरण खडकाऐवजी चिखल मोजते. या सगळ्यांतून सुटल्यावरही एक अडचण उरते. सॉनिक उपकरण सेकंदाला दहा-वीस हजार कंपने वापरते, सिस्मिक लहरीत ती साधारण १० ते ८० असतात, आणि जास्त कंपनांची लहर खडकात किंचित वेगाने धावते. फरक एक टक्का धरला तरी १३०० मीटरला तो १३ मीटर होतो. म्हणून चेकशॉट घेतात : रिगशेजारी पाण्यात एअरगन उडवायची, विहिरीत ठरावीक खोल्यांवर जिओफोन (खडकातील कंपने टिपणारे उपकरण) थांबवायचा आणि पहिली लहर केव्हा पोचली ते थेट मोजायचे. मग सॉनिकचे कोष्टक या मोजलेल्या वेळांशी बांधून घेतात.

चेकशॉट नसेल तेव्हा मोह होतो तो ओढाताणीचा. संगणकावर कृत्रिम आलेख इथे ताणला, तिथे दाबला की तो कोणत्याही चित्राशी जुळवता येतो आणि पडद्यावर जुळणीचा आकडाही उत्तम दिसतो. हातात नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचा नारळही हवा तेथे उभा राहतोच. ताण दिल्यावर त्या टप्प्यातला वेग खडकाला शोभणारा राहिला का, शेलमध्ये ध्वनी सेकंदाला सहा हजार मीटर धावू लागला नाही ना, हे तपासले की असली जुळणी उघडी पडते. हाच निकष जुळणीच्या खुणा आपोआप शोधून देणाऱ्या नव्या संगणकप्रणालींनाही लावावा. त्यांच्या जाहिरातींत या वेगांचा उल्लेख मला अजून दिसलेला नाही.

नीट जुळवलेल्या चित्रालाही मर्यादा असते. चुनखडीत वेग ३५०० आणि कंपने सेकंदाला ३५ धरली तर तरंगलांबी १०० मीटर होते, आणि तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे २५ मीटरहून पातळ थराचे माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. एल-३ हा एकसंध दगड नाही. त्याच्या चुनखडीत शेलचे पातळ पदर आहेत. लॉगवर ते स्पष्ट उमटतात, सिस्मिकमध्ये एकाच पट्ट्यात विरून जातात. त्यामुळे दोन विहिरींच्या मध्ये असा पदर सलग आहे की तुटलेला, याचा खात्रीचा पुरावा बहुधा उत्पादन सुरू झाल्यावर, दाब राखण्यासाठी एका विहिरीत सोडलेले पाणी दुसऱ्या विहिरीत कोणत्या खोलीवर येते हे पाहूनच मिळतो.