अल्पशक्ती हौशी रेडिओ, डोंगरावरील

परवानाधारक हौशी रेडिओचालक (हॅम) पाठपिशवीत मावणारा, बॅटरीवर चालणारा संच घेऊन एका दिवसाच्या डोंगरभटकंतीत दूरच्या केंद्रांशी संपर्क साधतात, तो प्रकार. सातारा जिल्ह्यातील गड आणि जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ माथे) त्याला विशेष अनुकूल आहेत.

मोर्ससाठी ५ वॅट आणि आवाजासाठी शिखरमूल्याने १० वॅट ही शक्तीची आजची रूढ मर्यादा. ती पूर्वीपासून ठरलेली नव्हती. १९६१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्यूआरपी (अल्पशक्ती प्रक्षेपणासाठीची सांकेतिक संज्ञा) क्लबने आरंभी १०० वॅट ही मर्यादा मानली होती. ५ वॅटचा आकडा बहुधा त्यानंतरच्या एकदोन दशकांत रुळला. हा आकडा संचाला पुरवलेल्या शक्तीचा की अँटेनाकडे जाणाऱ्या, यावर मतभेद होते. दुसरा अर्थ आता सर्वमान्य असून तोच सयुक्तिक वाटतो. १०० वॅटवरून ५ वॅटवर येणे म्हणजे १३ डेसिबलची घट. ऐकणाऱ्याच्या एस-मापकावर (संकेताची ताकद दाखवणाऱ्या मापकावर) ती सुमारे दोनच अंश भरते.

उंचीचा लाभ किती, हा खरा वादाचा मुद्दा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात लहरी मुख्यतः दृष्टिरेषेत जातात. भोवतालच्या सपाटीपेक्षा ३०० मीटर उंच माथ्यावरून रेडिओ-क्षितिज सुमारे ७० किमी. असते, समोरचे केंद्रही तितकेच उंच आणि मध्ये डोंगर नसेल, तर हे अंतर दुप्पट होते. अजिंक्यताऱ्यावर मात्र दूरदर्शनचा मनोरा असल्याने तेथील प्रबळ प्रक्षेपणाने हातातल्या छोट्या संचाचा ग्राहक (संकेत ग्रहण करणारा भाग) दबू शकतो. मनोऱ्यापासून दूरची कड निवडावी.

‘जितका उंच गड, तितका लांबचा संपर्क’ हा समज लघुतरंगांना सरसकट लागू नाही. ७ मेगाहर्ट्‌झवर जमिनीलगत आडवी ताणलेली तार बरीच शक्ती वर फेकते आणि ती आयनांबरावरून (वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरावरून) परतते. त्यामुळे राज्यांतर्गत संपर्क दरीतूनही होतो. १४ मेगाहर्ट्‌झवर तीव्र उतार लहरींना क्षितिजाकडे झुकवतो, तेथे कड्याचा उपयोग आहे. काही जण उभी काठी-अँटेना सोयीची मानतात. परंतु कोरडा जांभा विजेचा मंदवाहक असल्याने तिची बरीच शक्ती जमिनीत जिरते. सड्यावर ‘उलटा व्ही’, म्हणजे मध्य काठीवर उंच आणि दोन्ही टोके खाली उतरवलेली तार-अँटेना, अधिक भरवशाचा. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी त्याला एकूण सुमारे २० मीटर तार लागते. कास पठारावर खुंट्या ठोकू नयेत. तेथील पातळ मातीतली फुले कोणत्याही संपर्कापेक्षा मोलाची आहेत. गडाच्या तटालाही खिळा मारू नये.

भारतीय चालकांना स्वस्त संच बांधण्याचा मार्ग अशहर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बांधता येणाऱ्या संचाच्या आराखड्याने खुला केला. परवाना केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षेनंतर मिळतो. वय किमान १२ वर्षे लागते.

सांगली जिल्ह्यात मिरजेजवळचा दंडोबा डोंगर सपाटीतून उठलेला असल्याने दृष्टिरेषेच्या पट्ट्याला सोयीचा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत वळिवाचे ढग दुपारनंतर जमतात. गडगडाट ऐकू येताच तार उतरवून माथा सोडावा.