थायलंड: पिवळे, लाल आणि लोकशाही या शब्दाची ओढाताण

1932 ला राजाची निरंकुश सत्ता गेली, मग लष्करी उठावांची रांगच लागली, ते माहितीच आहे. खरा गुंता 2001 नंतरचा. थाकसिन शिनावात हा टेलिकॉमवाला अब्जाधीश पंतप्रधान झाला, त्याने 30 बाथमध्ये (बाथ म्हणजे थाई चलन) उपचाराची योजना आणली आणि ईशान्येकडची खेडी त्याच्यामागे उभी राहिली ती बरीच वर्षं. 2006 च्या जानेवारीत घरच्यांनी कंपनी सिंगापूरला विकली, टॅक्स शून्य, झालं, बँकॉकचा मध्यमवर्ग भडकला. अंगात पिवळे टी-शर्ट, कारण तेव्हाचा राजा सोमवारी जन्मलेला आणि तिकडे सोमवारचा रंग पिवळा. सप्टेंबरात लष्कराने उठाव केला, रणगाडे आले तर लोकांनी सैनिकांना फुलं दिली, पोरांना रणगाड्यापुढे उभं करून फोटो काढले.

आता गंमत बघा, या पिवळ्या आघाडीच्या नावातच लोकशाही होती. 2008 मध्ये त्यांनी ‘नवं राजकारण’ मांडलं, म्हणजे काय तर संसदेत 70 टक्के नेमलेले, 30 टक्के निवडून आलेले! का, तर गावाकडची मतं विकली जातात म्हणे. लोकशाही नको असं कोणीच म्हणत नव्हतं, फक्त ‘त्यांच्या’ मताची किंमत कमी धरा एवढंच. लालवाले, म्हणजे थाकसिनची बाजू, तीही काही संत नव्हे, त्याच्या 2003 च्या ड्रग्जविरोधी मोहिमेत दोन हजारांवर माणसं मेली तरी ती मोहीम लोकप्रियच होती.

2010 ला लाल शर्टवाले बँकॉकात बसले, नव्वदीवर बळी गेले. 2013 च्या शेवटी थाकसिनलाही माफी देऊ शकणाऱ्या बिलावरून शिट्ट्या वाजवत उलटी, म्हणजे त्याच्या विरोधातली गर्दी उतरली, ‘आधी सुधारणा, मग निवडणूक’ म्हणत. 2 फेब्रुवारी 2014 ला निवडणूक होती, बँकॉकच्या दिनदेंग भागात मतदान केंद्रच उघडेना तेव्हा लोक ओळखपत्रं हातात उंच धरून मत द्यायचंय म्हणून ओरडत होते. कोर्टाने मार्चमध्ये ती निवडणूकच रद्द केली, सगळीकडे एकाच दिवशी मतदान झालं नाही म्हणून, आणि ते ज्यांनी होऊ दिलं नाही त्या शिट्टीवाल्यांचंच फावलं. मे महिन्यात परत लष्कर.

2023 ला नारिंगी रंगाचा नवा पक्ष पहिला आला, पण लष्कराने नेमलेल्या 250 सिनेटरांनी त्याला अडवलं. मग सरकार कोणी बनवलं? लालवाल्यांच्याच पक्षाने, उठाव करणाऱ्या जनरलांच्या पक्षांना सोबत घेऊन.