गाडीच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला भोक का असायचं आणि आता का नसतं

मागच्या मे महिन्यात दाजींची जुनी कार्बोरेटरवाली गाडी घेऊन पुण्याहून सोलापूरला येत होतो, टेंभुर्णी सोडलं आणि गाडी आचके द्यायला लागली, मग बंदच. पाच-दहा मिनिटं थांबलं की चालू व्हायची, परत थोडं अंतर गेलं की तेच. ऊन एवढं होतं की आम्ही उन्हाचाच दोष धरला, बॉनेट उघडून इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, काही फरक नाही. शेवटी मोहोळच्या अलीकडं एका ढाब्यावर ट्रकवाल्या काकांनी विचारलं, टाकीचं झाकण नवीन टाकलंय का ओ? टाकलं होतं, जुनं पंपावर विसरलं म्हणून आदल्याच आठवड्यात. त्यांनी ते उघडलं तसा फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. गाडी एका सेल्फला चालू. झाकण अर्धं फिरवून सैल ठेवलं आणि हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं त्या झाकणाला बारीक ड्रिल मारलं, दाजींची गाडी ठणठणीत झाली. पण पुढं असं झालं की शेजाऱ्यांच्या इंजेक्शनवाल्या गाडीच्या झाकणालाही कुणीतरी त्याच हिशोबानं भोक पाडलं, आणि त्यांच्या गाडीभोवती पेट्रोलचा वास सुटला, डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाईट लागली. एका गाडीला जे औषध तेच दुसरीला बाधलं. असं का झालं ते कळायला या झाकणाचा मागचा इतिहास बघावा लागतो, म्हणून लिहितोय.

घरी शेंगतेलाचा पंधरा किलोचा डबा आणला की आपण एका कोपऱ्यात भोक पाडतो आणि लगेच समोरच्या कोपऱ्यात दुसरं, नाहीतर तेल गुडगुड करत अडकतं. कारण तेल बाहेर यायचं तर तेवढी हवा आत जायला पाहिजे. गाडीच्या टाकीचंही तेच. १९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली तिची टाकी पुढच्या सीटखाली असायची, पेट्रोल भरायचं म्हणजे गादी उचलायची, झाकण फिरवून काढायचं, आणि किती उरलंय ते लाकडी पट्टी बुडवून बघायचं. तिला पेट्रोलचा पंपच नव्हता, सगळं उतारानं इंजिनकडं यायचं, त्यामुळं टाकीत पेट्रोल कमी असलं की लोक खडा चढ चक्क रिव्हर्समध्ये चढायचे. त्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक, ते धुळीनं बुजलं की पेट्रोल यायचं थांबलं. पुढं पंप आले, टाक्या मागं गेल्या, पण भोक राहिलंच. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्री लोकांचा हात याच झाकणांवर बसलाय, म्हणून गाडी बंद पडली की पहिली शंका भोकावर, आणि त्या गाड्यांपुरतं त्यांचं बरोबरच होतं.

मग बदललं कशामुळं? त्या भोकातून हवा आत जाते तशी पेट्रोलची वाफ बाहेरही पडते. गाडी नुसती उन्हात उभी असली तरी पडते. लॉस एंजेलिसला १९४० च्या दशकात डोळे चुरचुरणारा धूर-धुकं पसरायला लागलं, ते का होतं हे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञानं पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं, की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून निघालेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ते तयार होतं. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ पासून टाकीची वाफ उघड्यावर सोडायला बंदी आली. झाकण बंद झालं, वाफ एका कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवायची आणि गाडी चालू असताना इंजिननं ती ओढून जाळायची. झाकणात भोकाऐवजी स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह आला, टाकीत फार ओढ तयार झाली तरच तो उघडून हवा आत घेतो. माझ्या मते इथंच ते नुसतं झाकण राहिलं नाही, गाडीचा एक पार्ट झालं, आणि आपल्या डोक्यात मात्र ते अजून झाकणच आहे.

१९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकेत पेट्रोलचोरी वाढली तशी कुलुपाची झाकणं खपायला लागली, आपल्याकडं नळी तोंडात धरून पेट्रोल काढणारे आजही आहेत त्यामुळं ते वेगळं सांगायला नको. १९९६ पासून तिकडच्या गाड्यांचा कॉम्प्युटर झाकण सैल आहे हेसुद्धा ओळखायला लागला. काट्याशेजारचा बाण, टाकी कुठल्या बाजूला आहे दाखवणारा, तो फोर्डच्या जिम मॉयलन यांनी १९८६ ला सुचवला होता.

आपल्याकडं १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम लागू झाले, आता तर नव्या बाईक-स्कूटरलाही कॅनिस्टर असतो. म्हणजे भोक पाडायचा काळ दुचाकीचाही संपला. आणि आता पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल, जे आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासून कारखान्यांत तयार होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं झाकणाचं रबर तडकलेलं असलं आणि पावसाळ्यात पाणी झिरपलं तर त्रास जास्त, शिवाय जुन्या गाड्यांची काही रबरं त्यानं फुगतात नाहीतर कडक होतात.

म्हणून महिन्यातून एकदा झाकण काढून रबराच्या रिंगवरून नख फिरवा. चांगलं रबर दाबलं की दबतं आणि परत येतं. खराब झालेलं काचेसारखं चमकतं, वाकवलं की बारीक भेगा दिसतात. कोरड्या सुती फडक्यानं रिंग आणि टाकीचा काठ पुसा, आपल्याकडं धूळ किती असते माहितीच आहे, ग्रीस बिलकूल लावू नका. लावताना टक-टक आवाज येईपर्यंत फिरवा. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर "राऊंड फिगर कर" म्हणून अजून भरायला लावू नका, जास्तीचं पेट्रोल वाफेच्या वाटेनं कॅनिस्टरमध्ये जातं आणि कोळसा खराब होतो, ते काम झाकणापेक्षा कितीतरी महाग पडतं. झाकण हरवलंच तर कापडाचा बोळा कोंबून फिरू नका, कापड पेट्रोल शोषून बाहेर आणतं आणि तीच वात होते.

नवीन घेताना नुसते आटे जुळून उपयोग नाही, आम्ही तिथंच फसलो. मॉडेल आणि साल सांगा, जुनं असेल तर सोबत न्या, आणि हवा घेणारं पाहिजे की व्हॉल्व्हचं ते स्पष्ट विचारा. दाजींच्या गाडीला हवा घेणारंच पाहिजे होतं, दुकानदारानं बंद झाकण दिलं.

शेजाऱ्यांनी शेवटी त्यांच्या गाडीचं ओरिजिनल झाकण मागवलं, तीन दिवसांनी आलं, वास त्याच दिवशी गेला, लाईट मात्र दोन-चार दिवस गाडी फिरल्यावर गेली. भोक पाडलेलं झाकण मिस्त्रीनं ठेवून घेतलंय, हाताखालच्या पोरांना दाखवायला.