हार घालता घालता डीव्हीडी अडकली त्याची गोष्ट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर दादाच्या लग्नाची डीव्हीडी सापडली, २००७ चं लग्न, पंचवटीतलं. लावली तर मंगलाष्टकं नीट झाली आणि हार घालायच्या वेळी जी अडकली ती अडकलीच, वहिनीचे हात हवेतच. बघितलं तर नखाएवढा एक चरा.

होतं काय की डीव्हीडीत सगळा डेटा एका पातळ थरावर असतो, बारीक बारीक खुणा, आणि लेझर त्या एकेक करून वाचत जातो. सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी, ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, म्हणजे खुणा बारीक करत गेले बस. थर एक, फार तर दोन-चार. बाकीची जाडी नुसती वाया, म्हणजे दोनशे पानी वही घ्यायची आणि पहिल्याच पानावर लिहायचं!

होलोग्राफिक स्टोरेजमधे ही अख्खी जाडी वापरतात. एकाच लेझरचे दोन झोत करायचे, एक काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या जाळीतून जातो (ही जाळी म्हणजेच डेटाचं एक पान), ह्या चौकटी दहा लाखाच्या वर असू शकतात, दुसरा साधाच. गंगेवर पाणी संथ असताना दोन खडे एकदम टाकून बघा, तरंग एकमेकांत शिरतात आणि मधे एक नक्षी उमटते ना, तसंच इथे प्रकाशाचं होतं, फक्त ती नक्षी फोटोपॉलिमरमधे, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या प्लॅस्टिकमधे, कायमची बसते. मग नुसता साधा झोत टाकला की अख्खं पान एकदम कॅमेऱ्यावर हजर. झोताचा कोन जरासा बदला, त्याच जागी दुसरं पान लिहा, अशी शेकडो पानं एकावर एक. आणि प्रत्येक चौकट पूर्ण नक्षीभर पसरलेली असते, त्यामुळे चरा पडला तर पान थोडं फिकट होतं, हात हवेत राहत नाहीत.

होलोग्राफी, म्हणजे ही प्रकाशाची नक्षी साठवायची युक्ती, डेनिस गॅबर यांनी १९४८ मधे मांडली, लेझर यायच्या १२ वर्षं आधी (कमाल आहे), नोबेल १९७१ ला. डेटा साठवायची कल्पना व्हॅन हीर्डन यांची, १९६३ ची. बेल लॅब्स ह्या अमेरिकन प्रयोगशाळेतून निघालेल्या इनफेझ कंपनीने ३०० जीबीची डिस्क केली पण, पण २०१० मधे कंपनीच बंद पडली. खरी गोची पॉलिमरची, लिहिताना तो किंचित आकसतो आणि कोन चुकला की पान सापडतच नाही, त्यात हार्ड डिस्क दरवर्षी स्वस्त होत होती, मग एवढं महागडं यंत्र घेणार कोण.

दादाने चऱ्यावर टूथपेस्ट चोळली. हार पडला एकदाचा गळ्यात, आता पंगतीला अडकते.