पार्श्वभूमी : ‘पेप्लम’ हा शब्द आणि माचिस्तेचे पुसलेले नाव

१९५८ ते १९६५ या काळात रोमच्या स्टुडिओंतून हर्क्युलीस, उर्सुस, सॅमसन, गोलायथ यांच्या पराक्रमाचे जे कमी खर्चाचे रंगीत चित्रपट एकामागून एक निघाले, त्यांना आज सर्रास ‘पेप्लम’ म्हटले जाते. हा शब्द निर्मात्यांनी दिलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रेंच समीक्षकांनी तो रूढ केला. त्याचे मूळ ‘पेप्लॉस’ या ग्रीक शब्दात असून त्याचा अर्थ स्त्रियांचे खांद्यावर टाचलेले पायघोळ वस्त्र असा आहे. ज्या चित्रपटांची सारी भिस्त नायकाच्या उघड्या छातीवर आणि पिळदार दंडांवर होती, त्यांना हे नाव चिकटावे, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल. इंग्रजीतील ‘सोर्ड अँड सँडल’ ही संज्ञाही फारशी उपयोगाची नाही, कारण तिच्यात हॉलीवूडचे अवाढव्य खर्चाचे रोमन चित्रपटही सामावले जातात. इटलीत रुळलेले ‘पौराणिक-ऐतिहासिक चित्रपट’ हे साधे वर्णन त्यामानाने बरे.

मात्र खरी हानी झाली ती माचिस्ते या अशाच एका बलदंड नायकाच्या नावाची. हर्क्युलीस ग्रीक पुराणातला, सॅमसन बायबलातला. माचिस्ते मात्र इटलीच्या पडद्यावरच जन्मला. १९१४ च्या ‘काबिरिया’ या मूकपटात तो आफ्रिकी गुलाम होता, आणि जेनोव्हाच्या गोदीतील एका धिप्पाड कामगाराने अंगाला काळा रंग लावून ती भूमिका केली होती. प्रेक्षकांना तो इतका भावला, की पुढील चित्रपटांत तोच कामगार रंग पुसून, कोट-पाटलोण घालून, इटालियन नायक म्हणून अवतरला. १९६० मध्ये माचिस्तेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा त्याला देशकाळाचे बंधन उरले नव्हते. १९६२ च्या एका चित्रपटात तर तो कमरेला वस्त्र गुंडाळून थेट सतराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये उभा ठाकतो, एक झाड मुळासकट उपटतो आणि खालच्या भुयारातून नरकात उतरतो.

अमेरिकेत मात्र हे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तेथील एका वितरकाने १९५८ च्या हर्क्युलीसपटाचे हक्क स्वस्तात घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच्या कित्येक पट रक्कम जाहिरातीवर खर्च करून त्याला तुफान यश मिळवून दिले. साखळदंडांनी जखडलेला नायक त्याच साखळ्या राजवाड्याच्या खांबांना गुंडाळून ते ओढून पाडतो, हे त्यातील दृश्य आजही अंगावर येते. त्यानंतर बाजारात ओळखीची नावेच चालू लागली. इटलीत संवाद मागाहून ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत असल्याने डबिंग करताना नायकाचे नाव बदलणे अगदी सोपे होते. त्यामुळे माचिस्ते कधी सॅमसन, कधी गोलायथ, तर दूरचित्रवाणीसाठी विकलेल्या संचात ‘हर्क्युलीसचा पुत्र’ झाला. एका देशाने घडविलेल्या नायकाचे नाव असे व्यापारासाठी पुसले जाणे ही किरकोळ तडजोड नव्हती. या चित्रपटप्रकाराचा इतिहास त्यामुळेच विस्कळीत झाला.

मुंबईतही १९६४ मध्ये एका नामवंत पैलवानाला घेऊन हर्क्युलीस आणि सॅमसन या नावांचे हिंदी चित्रपट निघाले. त्या नावांत माचिस्ते नव्हता. त्याच वर्षी इटलीत कमी खर्चाच्या वेस्टर्न (काउबॉयच्या) चित्रपटाला अनपेक्षित यश लाभले, आणि निर्मात्यांनी तलवारी टाकून पिस्तुले उचलली.