रीस्पेक म्हणजे दुबार पेरणी: ॲक्शन आरपीजीमधल्या ‘अवघड’ या शब्दामागची भांडणं

एप्रिल २०२५ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ या ॲक्शन आरपीजीचा, म्हणजे पात्र घडवत घडवत लढायच्या व्हिडिओ गेमचा, ०.२.० हा मोठा पॅच (खेळातले बदल आणणारा अपडेट) आला आणि लढाई संथ झाली, लूट आटली, अशी ओरड सुरू झाली. ओरडणाऱ्यांना उत्तर मिळालं ते नेहमीचंच: जमत नसेल तर सोड. कंपनीने पाठोपाठ दुरुस्त्या सोडून बऱ्याच गोष्टी सैल केल्या, तेव्हा ही दुसरी मंडळी रुसली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ग्रुपमधले बहुतेक जण जालना, लातूर, नांदेडकडचे, आता चाळिशीला टेकलेले. हेच भांडण आम्ही वीस वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत घातलं होतं, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा. खेळ वेगळा होता, एवढंच. मुळाशी होता रीस्पेक, म्हणजे पात्रावर खर्च केलेले पॉइंट परत काढून दुसरीकडे टाकायची सोय.

फार मागे जायचं कारण नाही. १९८४ साली जपानमधल्या आर्केडमध्ये ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ होता. साठ मजले, आणि प्रत्येक मजल्यावरची पेटी काय केल्यावर दिसते हे खेळ सांगतच नसे. लोक एकमेकांना विचारायचे, वहीत टिपून ठेवायचे. कस लागायचा तो हाताचा कमी आणि माहितीचा जास्त. पुढची बारा वर्षं मी सरळ वगळतो. १९९६च्या अखेरीस आलेला ‘डियाब्लो’ आधी आळीपाळीने चाली करायचा खेळ म्हणून आखला होता, बनता बनता तो रिअल-टाइम झाला. पण आजच्या वादाची मुळी सापडते ती जून २०००च्या ‘डियाब्लो २’मध्ये.

नॉर्मल, नाइटमेअर, हेल या अवघडपणाच्या तीन चढत्या पायऱ्या सगळ्यांना माहीत आहेत. लोक विसरतात ती गोष्ट वेगळी. दर लेव्हलला एक स्किल पॉइंट मिळायचा, पात्राचं एखादं कौशल्य (स्किल) वाढवायला. ९९व्या लेव्हलपर्यंत पोचलात तर ९८, शिवाय तिन्ही पायऱ्यांवरच्या क्वेस्टचे मिळून १२, म्हणजे अख्ख्या आयुष्यात ११०. एका स्किलमध्ये जास्तीत जास्त वीस टाकता यायचे. आणि एकदा टाकलेला पॉइंट परत काढता यायचा नाही. बटण नाही, दंड भरायची सोय नाही, काही नाही. ही राहून गेलेली गोष्ट नव्हती, घेतलेला निर्णय होता, आणि पुढची दहा वर्षं तो तसाच ठेवला गेला.

याचा अर्थ असा की खरी अवघड पातळी ‘हेल’ नव्हती. ती होती नॉर्मलमधली बारावी लेव्हल, जिथे काहीच कळत नसताना तुम्ही पॉइंट टाकत होता. त्या चुकीचं बिल तीसचाळीस तासांनी यायचं. थंडीच्या मंत्रांवर सगळं लावलेली सॉर्सरेस (जादूगारीण) नॉर्मल आणि नाइटमेअर हसत पार करायची. हेलमध्ये शिरली की समोर थंडीचा काडीमात्र परिणाम न होणारे राक्षस, वर तिची स्वतःची रेझिस्टन्स (जादूचा मार सोसायची ताकद) शंभरने घटलेली. आता दुसरा मंत्र हवा, तर त्यात पॉइंटच नाहीत. ज्याने घाबरून सगळीकडे दोन-दोन टाकले होते त्याची गत आणखी वाईट: एक ना धड, भाराभर चिंध्या.

कॅफेत आम्ही तासाला वीस रुपये मोजायचो. भिंतीवर भारनियमनाच्या वेळापत्रकाचं कात्रण चिकटवलेलं असायचं, आणि लाइट जायला दहा मिनिटं उरली की कॅफेवाले काका गल्ल्यावरूनच आवाज द्यायचे, “सेव्ह करून घ्या रे पोरांनो!” नाही केलं तर मागचा काही वेळ गेलाच. सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन हिंडायची, कारण उद्या तेच मशीन मिळेल याची खात्री नाही. अशा हिशोबात चाळीस तास म्हणजे आठशे रुपये. तेवढ्यात हॉस्टेलच्या मेसचा महिन्याचा खर्च निघायचा. आमच्यातल्या जालन्याच्या एकाची सॉर्सरेस अशीच हेलच्या पहिल्या अंकात अडली. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, “गेली पेरणी.” नवीन पात्र सुरू करणं म्हणजे मग आमच्यात ‘दुबार पेरणी’ झालं. मृगाच्या पहिल्या सरीवर भरवसा ठेवून सोयाबीन टाकायचं, पुढे वीस दिवस पावसाने दडी मारायची, आणि बियाणं-खत पुन्हा उधारीवर आणायचं, हे ज्याच्या घरात घडलेलं होतं त्यानेच तो शब्द काढला, म्हणून तो चिकटला.

पॉइंट परत देऊ नयेत असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ होता असं मी म्हणणार नाही. परत मिळत नाही म्हणूनच निवडीला वजन येतं. दोघांच्या सॉर्सरेस दोन वेगळ्या बायका वाटतात. चुकलेलं पात्रही आपलंच असतं. अडचण अशी की निवड करायला लागणारी माहिती खेळात नव्हतीच, ती इंटरनेटवर होती, आणि ज्याच्याकडे इंटरनेट तासावर होतं तो गाइड वाचेल की खेळेल?

त्यात ऑक्टोबर २००३चा १.१० पॅच. या पॅचने ‘सिनर्जी’ आणली: खालच्या स्किलमध्ये टाकलेले पॉइंट वरच्या स्किलला बळ देऊ लागले. तोवर शहाणी माणसं नेमकं उलटं करायची. खालची स्किल पुढे निकामी होतात म्हणून पॉइंट साठवून ठेवायचे आणि तिसाव्या लेव्हलची स्किल उघडली की ओतायचे. शहाणपणाने वागलेले तेवढे एका रात्रीत मूर्ख ठरले. पेरणी झाल्यावर हवामानाचा नियमच बदलला, आणि बियाणं परत मिळण्याची सोय तरीही नव्हती. माझ्या मते रीस्पेकच्या मागणीला नैतिक जोर आला तो इथे. चूक माझी असेल तर मी भोगेन, पण नियम तुम्ही बदलला तर निदान पॉइंट तरी परत द्या.

आमच्याकडे वेगळाच गोंधळ झाला. कॅफेतल्या आठ मशीनवर कॉपी केलेल्या सीडीतून टाकलेली तीन वेगळी व्हर्जन होती, आणि व्हर्जन जुळल्याशिवाय लॅनवर एकत्र खेळता येत नसे. कोपऱ्यातल्या दोन मशीनवर सिनर्जी, बाकीच्यांवर नाही. एकच बिल्ड, म्हणजे पॉइंटची तीच मांडणी, एका खुर्चीवर राजा, दुसऱ्या खुर्चीवर भिकारी.

आणि हो, हिरो एडिटर होतेच. सेव्ह फाइल उघडायची, हवे ते आकडे भरायचे. आमच्यात ‘एकदा टाकला तो टाकला’ या पक्षाचा एक कट्टर पुढारी होता, नांदेडचा. दुसऱ्याने रडारड केली की हा उपदेश करायचा. एकदा चुकून त्याचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे राहिला. त्यात सेव्हच्या शेजारीच एडिटर होता आणि एकाच बार्बेरियनच्या (खेळातल्या योद्ध्याच्या) चार आवृत्त्या, प्रत्येकीत पॉइंट वेगळ्या जागी. मी काही बोललो नाही. आज बोलतोय.

शेवटी मार्च २०१०च्या १.१३ पॅचमध्ये सोय आली. पहिल्या अंकातली म्हातारी अकारा प्रत्येक पायरीवर एकदा फुकटात सगळे पॉइंट परत देणार. त्यापुढे हवं असेल तर हेलमधल्या बड्या राक्षसांकडून चार वेगवेगळी द्रव्यं मिळवून क्यूब या जादूच्या पेटीत एकत्र करायची, मग पॉइंट परत घ्यायचं टोकन. म्हणजे सुरुवातीच्या चुका माफ, नंतरच्या चुकांना घाम. दहा वर्षं उशिरा आलेली असली तरी या सगळ्या इतिहासातली मला सर्वात समंजस वाटलेली तडजोड हीच. तोपर्यंत कॅफे बंद पडून तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान झालं होतं.

पुढचा झोका दुसऱ्या टोकाला गेला. मे २०१२च्या ‘डियाब्लो ३’मध्ये पॉइंट हा प्रकारच नव्हता. स्किल हवी तेव्हा बदला, फुकट. मग वजन कुठे टाकायचं? ‘इन्फर्नो’ नावाच्या चौथ्या पायरीत आणि खऱ्या पैशाच्या लिलावघरात. इन्फर्नोत टिकायला लागणारी शस्त्रं खेळून मिळेनात, विकत मिळत. हे लिलावघर मार्च २०१४ मध्ये बंद केलं गेलं आणि पायऱ्या हव्या तशा निवडता येऊ लागल्या. मधल्या दोन वर्षांत ‘अवघड’ आणि ‘महाग’ यांतली सीमाच पुसली होती. आम्हाला हे सगळं ऐकूनच माहीत. खेळ सतत ऑनलाइन असावा लागे, आणि डोंगल लावून, भारनियमन सांभाळून इन्फर्नो खेळणं ही जी पायरी होती ती कुठल्याच मेनूत नव्हती.

याच सुमारास दुसरी परंपरा उभी राहिली: २००९चा ‘डीमन्स सोल्स’, २०११चा ‘डार्क सोल्स’. पातळी निवडायची सोय नाही, मेलात तर साठवलेले सोल्स (खेळातलं चलन) मेल्या जागी पडणार, ते उचलायची एक संधी. लातूरच्या मित्राने याचं वर्णन ‘लातूर पॅटर्न’ असं केलं: तोच पेपर इतक्या वेळा सोडवायचा की हात आपोआप चालला पाहिजे. त्याच्या मागे बसलेला धाकटा भाऊ कंटाळून म्हणायचा, “दादा, पुन्हा तिथंच जाऊन मरूलालास की.” विनोद बाजूला ठेवला तरी निरीक्षण बरोबर आहे. बॉसची, म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूची, चाल ठरलेली असते आणि ती पाठ होते.

गंमत अशी की या कडक घराण्याने रीस्पेकला कधी पाप मानलं नाही. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये आणि २०१५च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये ती नव्हती, पण २०१४च्या ‘डार्क सोल्स २’मध्ये होती, तिसऱ्यात एका फेरीत पाच वेळा होती, ‘एल्डन रिंग’मध्येही आहे. पडद्याआड वाटाही होत्या: लेव्हल वाढवा, मदतीला दुसरा खेळाडू बोलवा, ढाल धरा. मार्च २०१९च्या ‘सेकिरो’ने या वाटा जवळजवळ बुजवल्या. बिल्ड नाही, मदतनीस नाही, तलवारीला तलवार वेळेवर भिडवणं एवढंच. म्हणून इझी मोड हवा की नको हे भांडण नेमकं तेव्हा पेटलं. ते खेळ जास्त अवघड झाला म्हणून पेटलं असं सांगतात, मला ते अर्धवट वाटतं. वळसा घालायची वाट बंद झाली, हे खरं कारण.

फेब्रुवारी २०२२च्या ‘एल्डन रिंग’ने वाटा पुन्हा मोकळ्या केल्या, शिवाय बोलावता येणारे आत्मे दिले. आमच्यातल्या अनेकांसाठी पहिला बॉस मात्र दुकानातच भेटला: किमान १२ जीबी रॅम आणि १०६० ग्राफिक्स कार्ड. जुन्या पीसीवर फ्रेम अडखळली की घेतलेली उडीही अडखळते. मार्च २०२२ मध्ये राडान हा बॉस अचानक सोपा झाला, आणि त्या दिवसांत जिंकलेल्यांनी फोटो टाकले. एप्रिलमध्ये कळलं की आकडे चुकून कमी झाले होते, ते दुरुस्त केलेत. मग ते विजय खरे की खोटे? आमच्या ग्रुपवर यावर मतदान झालं होतं, निकाल बरोबरीत सुटला.

‘एल्डन रिंग’च्या २०२४च्या विस्तारात जुन्या लेव्हलचं वजन कमी करून नकाशावर शोधायच्या तुकड्यांना ते दिलं गेलं. तुकडे न शोधता थेट बॉसकडे गेलेल्यांनी बोंब मारली, आणि काही दिवसांतच पहिल्या तुकड्यांचं बळ वाढवलं गेलं. दुसरीकडे ‘हेडीज’ या खेळात गॉड मोड चालू केला की २० टक्के संरक्षण मिळतं आणि प्रत्येक मरणामागे दोन टक्के वाढत ८०पर्यंत जातं. २०२५ मध्ये ‘लाइज ऑफ पी’ने तर थेट पातळ्यांची निवडच दिली. कुणाचं काही बिघडलं नाही.

‘पाथ ऑफ एक्झाइल’च्या पहिल्या भागात एकेक पॉइंट परत घ्यायला ‘ऑर्ब ऑफ रिग्रेट’ लागे. पश्चात्तापाचं नाणं, नाव चपखल आहे. दुसऱ्या भागात डिसेंबर २०२४ पासून खेळातलं सोनं मोजावं लागतं, आणि दर फार चढा आहे अशी तक्रार झाल्यावर त्याच महिन्यात तो उतरवला गेला. एप्रिलच्या भांडणात नांदेडचा आमचा तो जुना पुढारी पुन्हा सगळ्यात मोठ्याने बोलत होता: खेळ मऊ करू नका, चूक केली तर भोगा. जालन्याच्याने त्याला एवढंच विचारलं, तू आतापर्यंत दुबार पेरणीला किती सोनं घातलंस? मेसेजखाली दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.