लॅपटॉप, मान आणि तरफेचा हिशेब

मान 60 अंशांत वाकवली की मणक्यावर 27 किलोंचा भार पडतो, असं सांगणारं चित्र व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. हा आकडा केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांनी 2014 साली संगणकावर मांडलेल्या प्रारूपातून आला. कुणाच्या जिवंत मानेत तो मोजलेला नाही, आणि चित्र पुढे पाठवणारे हे सांगत नाहीत. त्यामागचं तत्त्व मात्र शाळेतलंच आहे: तरफेचं.

समजा, डोकं 5 किलोचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मानेच्या मुळापासून, म्हणजे या तरफेच्या टेकूपासून, 18 सेंटिमीटर वर आहे. मान ताठ असेल तर वजन जवळजवळ सरळ मणक्यांवर उतरतं. 30 अंश पुढे झुकलात की गुरुत्वमध्य टेकूच्या 9 सेंटिमीटर पुढे जातो, 60 अंशांना साडेपंधरा. भरलेली बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच हा. डोकं तोलून धरणारे स्नायू मात्र टेकूच्या मागे जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर. म्हणजे 30 अंशांना त्यांना 10 किलोंइतकं ओढावं लागतं आणि 60 अंशांना 17. ही ओढ आणि डोक्याच्या वजनाचा मानेच्या दिशेने दाबणारा भाग (60 अंशांना निम्मा, म्हणजे अडीच किलो) असं दोन्ही मणक्यांमधल्या चकतीवर येतं. या ढोबळ हिशेबात 60 अंशांना सुमारे 20 किलो भरतात. आकडा 20 की 27, हे आपण काय गृहीत धरतो यावर ठरतं.

मला यापुढचा भाग फार मोलाचा वाटतो. मान आणखी वाकवत पूर्ण खाली नेली, की मागच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल एकदम मंदावते. मग डोकं तोलतं कोण? मणक्यांना बांधणारे अस्थिबंध. ते चिवट आहेत, पण एकाच ताणाखाली मिनिटामागून मिनिट राहिले की सूक्ष्म प्रमाणात लांबत जातात. अभियंते याला क्रीप म्हणतात. मान वर केली तरी ते लगेच पूर्ववत होत नाहीत, त्याला वेळ लागतो. तोवर सांधा किंचित सैल असतो आणि स्नायूंना जास्त राबावं लागतं. म्हणून कोनाइतकाच महत्त्वाचा असतो तो त्या कोनात घालवलेला वेळ. ताठ बसूनही तासभर न हलणारा माणूस मानेवर उपकार करत नाही.

दोष लॅपटॉपच्या बांधणीतच आहे. 1982 सालच्या ग्रिड कंपास या मिटता येणाऱ्या सुरुवातीच्या लॅपटॉपपासून पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर टांगले जातात, हात सुखात ठेवले तर मान खाली जाते. कितीही महागडी खुर्ची घेतली तरी ही अडचण सुटत नाही. पडद्याला चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ स्टिकरचा तर मानेशी काही संबंधच नाही. 2020 साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप मोबाइलचं रेडिएशन कमी करते असं जाहीर केलं, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. असा पुरावा प्रत्येकाने मागायला हवा, दुकानदाराकडेही.

खरा उपाय म्हणजे पडदा आणि कीबोर्ड यांची फारकत. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, लॅपटॉप जाड दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी. कोपरं साधारण काटकोनात, मनगटं सरळ. जमिनीवर मांडी घालून काम करणाऱ्यांनी निदान चौरंग घ्यावा, कारण मांडीवरच्या लॅपटॉपसाठी मान सर्वांत जास्त झुकते. दर अर्ध्या तासाने उठून फिरून यावं.

वाचायचा भाग खालच्या बाजूला असलेला चष्मा, बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, लावणाऱ्यांना मात्र उंच पडदा त्रासच देतो. खालच्या काचेतून पाहण्यासाठी ते हनुवटी वर करतात आणि मान मागे वाकते. त्यांनी गठ्ठ्यातले दोन-तीन अंक काढून टाकावेत, किंवा फक्त संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.